परक्या बागेतली बगलफूट

अप्पा, म्हणजे माझे वडील, जुलैअखेर तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आयर्लंडला आले आणि नवव्याच दिवशी म्हणाले, “तिकीट अलीकडचं कर. इथं माझं काय काम?”

आई गेलेली, द्राक्षबाग भावाच्या हाती. दिंडोरीचं रिकामं घर त्यांना खायला उठतं, हे मला ठाऊक होतं. ते तिथं एकटे जेवतात ही कल्पनाच मला सोसत नव्हती. पण अप्पांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चिडून मी गुरुवारचं तिकीट बघून ठेवलं आणि रविवारी त्यांना समुद्रकाठची जुनी गावं दाखवायला निघाले. निदान काहीतरी बघून जाऊ देत.

पहिल्या गावातलं बंदर आणि हजारेक वर्षांचा दगडी मनोरा बघून ते म्हणाले, “बरंय.” बस, एवढंच.

दुसऱ्या गावाबाहेर उतारावर चक्क द्राक्षांची बाग होती. आयर्लंडच्या पावसात द्राक्षं लावणं म्हणजे हौसच. फाटकावर ‘आत या’ अशी पाटी होती. मालकीणबाई सत्तरीच्या. त्या आमच्यासाठी चहा आणायला आत गेल्या आणि मी फोन घ्यायला बाजूला झाले. परत येऊन बघते तर अप्पांच्या पायाशी पानांचा ढीग! चार वेलांची बगलफूट, म्हणजे पानांच्या बगलेतली जादा कोवळी फूट, त्यांनी नखानंच खुडून टाकली होती.

“अप्पा, दुसऱ्याची बाग आहे ही.”

“दुसऱ्याची म्हणून कुजू द्यायची? घडाला वारं लागंना. डावणीची बुरशी येईल.”

तेवढ्यात बाई ट्रे घेऊन आल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी लागोपाठ माफी मागत सुटले. बाईंनी ट्रे खाली ठेवला. मोकळे झालेले घड त्यांनी एकेक करून हातात घेऊन बघितले.

“ग्रँड,” त्या म्हणाल्या, म्हणजे इकडच्या बोलीत ‘झकास’. “दोन वर्षं माझे घड सडतायत. ऑक्टोबरात तोडणी असते, हाती काही लागत नाही. हे किती दिवस आहेत इथे?”

माझ्या तोंडून गुरुवार निघेना. मी प्रश्न तसाच मराठीत अप्पांपुढे ठेवला.

त्यांनी बागेच्या टोकापर्यंत नजर टाकली आणि पुढच्या वेलाला हात घातला.

“म्हणावं, माल उतरेपर्यंत आहे.”

हे वाक्य इंग्रजीत सांगताना मला रडू आवरलं नाही.