महिपतीनं दोनदा बदललेला ॲम्प

रोह्याचा पूल ओलांडला की अष्टमी. तिथं एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर महिपती राहतो. धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट करतो आणि लग्नसराईत पेणच्या बँजो पार्टीत बेस गिटार वाजवतो. त्यानं स्वतः ओळख करून दिली असती तर बेस गिटार आधी सांगितली असती आणि कंपनी बहुतेक विसरला असता.

बावीस वर्षं झाली त्याला पार्टीत. आता खोटं कशाला बोला, हळदीला नाचणाऱ्या माणसाला बेस म्हणजे काय ते सांगता येत नाही. त्याला बँजोवाला दिसतो, गाणारी दिसते. मागं चार जाड तारांची गिटार घेऊन उभा असलेला माणूस कोणाच्या फोटोतसुद्धा येत नाही. महिपतीला त्याचं काही वाटत नसे. कंपनीत त्याच्या जागी उद्या दुसरा उभा केला तरी मशीन चालेल हे तो जाणून होता. पार्टीत तसं नाही, एवढं त्याच्या मनात पक्कं होतं. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्याची म्हणावी अशी होती.

आपल्याकडच्या पार्ट्यांत बेस वाजवायची रीतही वेगळी. त्या दणदणाटात स्वतःचं वाजवणं कानाला कळायची सोय नाही. म्हणून बेसवाला स्पीकरच्या मोठ्या बॉक्सला पाठ टेकून उभा राहतो. तार छेडली की पाठीत, बरगड्यांत ती गुरगुर येते आणि हात बरोबर चाललाय हे कळतं. महिपतीला हे जुन्या वाजवणाऱ्यांनी शिकवलं होतं आणि बावीस वर्षं तो असाच पाठीनं वाजवत आला.

यंदा झालं असं, की पेणला आदेशच्या अंगणात पार्टीचा सराव व्हायचा तो शेजाऱ्यांनी तक्रार करून बंद पाडला. आदेश पार्टीचा मालक. त्यानं सगळ्यांना सहा नवी गाणी मोबाइलवर पाठवली आणि सांगितलं, घरी बसवा आणि थेट मांडवात या. महिपतीला मात्र तो म्हणाला, "दादा, तुला काय गरज? तू नाय बसवलंस तरी चालल."

महिपतीची छाती फुगली. एवढा भरवसा टाकलाय म्हटल्यावर आपण गाणी बसवायलाच हवीत, असं त्यानं घेतलं. घरी येऊन बायकोला, मालूला, हे दोनदा सांगितलं.

पण बेस गिटार नुसती वाजवून बघा. खाटेची सुंभाची दोरी ओढल्यासारखा आवाज. ॲम्प हवाच, तोही छोटा, खिशाला झेपणारा, आणि खालच्या मजल्यावरच्या बायजाबाईंना त्रास न देणारा. त्याची मुलगी किमया रोह्याला कॉलेजात जाते. तिनं फोनवर शोधाशोध केली. साध्या गिटारचा ॲम्प स्वस्त पडतो, पण बेसच्या दणक्यानं त्याचा स्पीकर फाटतो, तेव्हा बेसचाच घ्यायचा. घरात दहा-पंधरा वॅट पुष्कळ झाले. वॅटपेक्षा स्पीकर केवढा आणि खोका किती भरीव हे बघायचं. पोरीनं सगळं समजावलं आणि बापानं मान डोलावली.

पेणला निलेशचं वाद्यांचं दुकान आहे. महिपती सुट्टीच्या दिवशी एसटीनं गेला. दुकानात गेलेला प्रत्येक बेसवाला करतो तेच त्यानं केलं: बारीक तारांवर भराभर बोटं फिरवली, शेजारच्या गिऱ्हाइकानं वळून बघितलं, महिपती खूश झाला आणि सर्वांत लहान ॲम्प मांडीवर घेऊन घरी आला.

घरी जाड तार छेडली, तर काहीच नाही. बारीक तारा थोड्याफार येत होत्या, जाड तार मेलेली. दुसऱ्या सुट्टीत ॲम्प परत. निलेशनं वाजवून दाखवला, आवाज होता. महिपती म्हणाला, दुकानात येतो, घरात येत नाही. निलेश भला माणूस. त्यानं मोठ्या स्पीकरचा दुसरा दिला. तो लाकडी काउंटरवर ठेवून लावला तेव्हा महिपतीची कोपरं काउंटरवर होती, आणि ओळखीची गुरगुर हातातून वर आली. हाच, म्हणाला. घरी लादीवर ठेवला, तर पुन्हा तेच. तिसरा घेतला तो त्याच्या बेतात बसणारा सर्वांत मोठा. निलेशनं सांगून बघितलं की घरात एवढा लागत नाही. पण ऐकतो कोण!

त्या संध्याकाळी त्यानं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि जाड तारेवर नवं गाणं सुरू केलं. दहा मिनिटांत बायजाबाई वर आल्या. मांडणीवरची ताटं वाजतायत, ह्यांचं बीपी वाढलंय, जरा कमी कर, म्हणाल्या. महिपतीला राग आला. इथं माझ्या कानाला येत नाही, तुमची ताटं वाजतात? उगाच कुरापत काढू नका, असं तो त्या म्हातारीला बोलला. मालूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायजाबाई खाली गेल्या.

किमया पुस्तक घेऊन बसली होती. ती उठली.

"बाबा, तू खिडकीकडं तोंड कर आनि जाडी तार वाजवत ऱ्हा. मी इचारीन तवा सांग, येतो का आवाज."

तो वाजवत राहिला. ती विचारत राहिली, आता? तो म्हणाला, नाय. आता? नाय. असं सहा वेळा झालं. मग तो चिडून वळला. ॲम्पचा लाल दिवा लागलेला होता आणि फडताळातले पेले एकमेकांवर थरथरत होते. मालू कानांवर हात ठेवून उभी होती.

"मी दोनदाच बंद केला व्हता, बाबा," किमया म्हणाली, आणि तिला रडू आलं.

पेणच्या कानाच्या डॉक्टरनं कानाला हेडफोन लावून बसवलं. शिटी ऐकू आली की बोट वर करा. बारीक शिट्यांना महिपतीचं बोट दर वेळी वर गेलं. आवाज जाड होत गेले तसं बोट मांडीवरच राहिलं. म्हणूनच घरात कोणाला पत्ता नव्हता. कुकरची शिटी, कंपनीचा भोंगा, मालूची हाक, सगळं त्याला येत होतं. पुरुषांचे भरदार आवाज तेवढे गेले होते, पण कंपनीत सगळे कानांत बोळे घालून हातांच्या खुणांनीच बोलतात, आणि पार्टीत तर विचारूच नका. कंपनीमुळं झालं का, त्यानं विचारलं. डॉक्टरांनी उत्तर कागदावर लिहिलं, नाही, असं घराण्यात येतं. बोलणं कळायला मशीन देता येईल. खालच्या सुरांसाठी मात्र काही नाही.

"ते परत येणार नाहीत," हेही त्यांनी लिहूनच दाखवलं, कारण त्यांचाही आवाज जाड होता.

एसटीत त्याला बाप आठवला. काळुराम, खाडीकडच्या मिठागरावर जन्मभर राबलेला. मुकादमानं दहा हाका मारल्या तरी ओ देत नसे. लोक माजोरी म्हणत, महिपती घुम्या म्हणे. बायकोनं हाक मारली की मात्र लगेच वळायचा, त्यावरून सारं मिठागर त्याची थट्टा करायचं. बिचारा हसून घ्यायचा. तो कधी काही बोलला नाही, आणि बहुतेक त्यालाही कळलं नसेल. महिपतीला त्या बसमध्ये इतकं भरून आलं की नागोठणं कधी गेलं ते त्याला समजलं नाही.

तिसरा ॲम्प त्यानं परत केला नाही. निलेशसमोर कुठल्या तोंडानं जाणार? बायजाबाईंची माफी मागितली. पार्टीत कोणाला काही सांगितलं नाही. कान गेले तर गेले, त्यानं मालूला सांगितलं, आपण कानानं वाजवतच नव्हतो, पाठ शाबूत हाय. किमयानं तारा लावून द्यायच्या, त्यानं मोबाइलच्या पडद्यावर बोटांच्या जागा बघून गाणी बसवायची, असं महिनाभर चाललं. सहाच्या सहा बसली. तेवढ्यावर तो तग धरून होता.

सीझनची पहिली हळद वडखळजवळच्या एका गावात होती. मांडवात उजेड असतानाच पार्टी उभी राहिली. महिपतीनं बॉक्सला पाठ टेकली आणि पहिल्याच गाण्याला ती गुरगुर पाठीत आली. त्याचा जीव भांड्यात पडला. डोळे मिटून, सगळ्या अंगानं तो वाजवायला लागला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यात एक नाचणारा धडपडत त्याच्या अंगावर आला. महिपतीनं त्याला सावरायला तारेवरचा हात काढला. त्याला दोन्ही हातांनी उभं केलं, बाजूला सारलं.

पाठीतली गुरगुर थांबली नव्हती.

त्यानं हात खालीच ठेवला. गुरगुर चालूच, गाण्याला धरून, एक मात्रा न चुकता. त्यानं डावीकडं बघितलं. कीबोर्डवाला साहिल डाव्या हातानं बेसच्या खालच्या पट्ट्या दाबत होता. त्याच्यापुढं मिक्सर होता, आणि महिपतीच्या गिटारचा आवाज कमी-जास्त करायची खीळ पार तळाला ओढलेली. साहिलनं वर बघितलं, महिपतीचे मोकळे हात बघितले आणि मान खाली घातली.

आदेशचं ते वाक्य महिपतीला आता कळलं. किमया तारा लावून द्यायला लागली त्याच्या आधीपासून जाड तार बेसूर लागत असणार, सगळ्यांना ऐकू येत असणार, आणि त्याला दुखवायचं नाही म्हणून सगळे गप्प राहिले.

गाणं संपल्यावर तो साहिलजवळ गेला आणि किती सीझन झाले म्हणून विचारलं. साहिलनं दोन बोटं वर केली.

आदेशनं पुढच्या गाण्याची खूण केली. हे सहा नव्यांतलं पहिलं होतं. महिपती जागेवर गेला, पाठ बॉक्सपासून वीतभर लांब ठेवून उभा राहिला आणि बसवलं होतं तसं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं.