आत्याच्या गाडीतली दहावी

माझी आत्या रक्ताच्या नळ्या वाहायची. एका तपासणी प्रयोगशाळेसाठी तिची स्वतःची जुनी गाडी कामाला लावलेली होती. सकाळी सातला निघायचं, अकरा दवाखान्यांतून नळ्या गोळा करायच्या, थंड पेटीत उभ्या लावायच्या आणि दहाच्या आत प्रयोगशाळेत पोचवायच्या. दुपारी तीच फेरी उलट्या क्रमाने, अहवालांची पाकिटं वाटत. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकही नळी फुटली नव्हती. खड्डा दिसला की तिचा पाय आपोआप ब्रेककडे जायचा. "माणसं धरून बसतात गं. नळ्यांना हात कुठे असतात?" म्हणायची.

ती बावन्न वर्षांची असताना प्रयोगशाळेत नवे व्यवस्थापक आले आणि भिंतीवर कागद लागला. नमुने हाताळणारा प्रत्येक माणूस निदान दहावी पास हवा, मुदत दीड वर्ष. आत्याची शाळा आठवीत सुटली होती. तेव्हा माझी आजी अंथरुणाला खिळली, आणि पाच वर्षांच्या माझ्या वडिलांकडे बघायला घरात दुसरं कोणीच नव्हतं. त्यांची वेणीफणी सोडून सगळं तिने केलं, असं वडील हसत सांगायचे, आणि सांगता सांगता चष्मा पुसायचे. ते पुढे शिकले, नोकरीला लागले, मी कॉलेजात गेले. ह्या सगळ्याच्या मुळाशी आत्याची अर्धी राहिलेली आठवी होती.

"बाहेरून परीक्षा दे," मी म्हटलं.

"देईन की. अभ्यास कधी करू, ते तेवढं सांग."

तिचं बरोबर होतं. घरी सासूबाई आजारी, त्यांचं अंघोळ-पाणी, औषधं. सगळं आवरून पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर डोळे मिटायचे. दिवसातले सहा तास ती टक्क जागी असायची, पण ते स्टिअरिंगमागे.

म्हणून मी तिला धडे वाचून दाखवायचं ठरवलं. माझ्याकडे काडेपेटीएवढा एक म्युझिक प्लेअर होता, त्यात आवाजही भरता यायचा. मी कपाटाच्या खोलीत डोक्यावर गोधडी घेऊन बसायचे, म्हणजे बाहेरचा आवाज येऊ नये, आणि घामाघूम होत इतिहास वाचायचे. आठवड्याभरात सात धडे झाले. आत्या भलतीच खूश झाली. एका कानात इअरफोन घालून निघाली आणि पहिल्याच चौकात मागच्या ट्रकचा हॉर्न तिला उशिरा ऐकू आला. गाडी बाजूला घेऊन तिने इअरफोन काढला तो कायमचा.

"मागे लोकांचं रक्त आणि पुढे मी एका कानाने बहिरी? जमायचं नाही."

गाडीत स्टिरिओ होता, पण कॅसेटच्या काळातला. रेडिओ आणि टेप, बस्स. प्लेअरची तार खुपसायला कुठे भोकच नव्हतं. मग मी सिगारेट लायटरच्या जागी बसणारं एक छोटं यंत्र आणलं. ते प्लेअरमधला आवाज रेडिओच्या लहरींवर सोडायचं आणि स्टिरिओ तो पकडायचा. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी सिग्नलला शेजारच्या गाडीतले एक गृहस्थ आपल्या रेडिओच्या बटणाशी झटापट करताना आत्याला दिसले. खिडक्या उघड्या होत्या. त्यांच्या गाडीतून माझाच आवाज येत होता, आणि मी त्यांना मोठ्या आतड्याबद्दल सांगत होते.

पुढे रेडिओच्या मनोऱ्याजवळून जाताना उलटंच व्हायचं. "लहान आतड्याची लांबी सुमारे" इतकं म्हणून मी गडप, आणि गाद्यांची जाहिरात सुरू.

"आता आतडं म्हटलं की मला गादीच आठवते," आत्या म्हणाली. "परीक्षेत काय लिहू?"

मग तार लावलेली कॅसेट आणून पाहिली. ती टेपमध्ये सरकवायची आणि तार प्लेअरला जोडायची, इतकं सोपं. पण आत्याचा टेप दोन्ही बाजू आपोआप वाजवणारा. तो कॅसेट आत घ्यायचा, टकटक करून इकडून तिकडून तपासायचा आणि जीभ दाखवावी तशी बाहेर काढायचा. एका मोठ्या दुकानात विचारलं तर ते म्हणाले, हे भंगारात टाका, डॅशबोर्ड कापून नवीन बसवू. कापायचं नाव काढताच आत्याने गाडी वळवली.

टायरच्या दुकानवाल्याने तिला खरखरकाकांचं नाव सांगितलं. त्याच्याच मागच्या बाजूला, एका शटरएवढ्या जागेत ते बसायचे. सत्तरीचे असतील. भिंतभर जुने स्टिरिओ विटांसारखे रचलेले. रेडिओतली खरखर घालवण्यात हातखंडा, म्हणून हे नाव पडलेलं, आणि त्यांनाही ते मान्य होतं. बोलणं मात्र मोजकं. आम्ही सगळी हकीकत सांगितली, आतड्यासकट. ते हसले नाहीत. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, स्टिरिओवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "चांगला आहे हा. ह्याला काढू नका."

"पण त्याला तारेचं भोक नाही," मी म्हटलं.

"करू."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीनंतर आम्ही गेलो. त्यांनी स्टिरिओ बाहेर काढून टेबलावर पालथा घातला आणि झाकण उघडलं. टेपमधून येणारा आवाज व्हॉल्यूमच्या बटणाकडे कुठून जातो, ती वाट त्यांनी टाचणीच्या टोकाने आम्हाला दाखवली. "इथे मध्येच आपण शिरायचं." त्यांनी तिथे दोन बारीक तारा जोडल्या आणि एक छोटा खटका बसवला. एका बाजूला टेप, दुसऱ्या बाजूला प्लेअर. मग एका जुन्या कॅसेटमधली फीत काढून नुसतं खोकं आत सरकवलं. चाकं फिरत राहिली, टेप समजला की काहीतरी वाजतंय, आणि गप्प बसला. "त्याची समजूत घालावी लागते," ते म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

स्टिरिओ तात्पुरता गाडीच्या तारांना लावून प्लेअर जोडला. माझा आवाज स्वच्छ आला. पण चार्जिंगसाठी प्लेअर लायटरच्या जागी लावून इंजिन सुरू केलं तशी शिट्टी यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर, सोडला की खाली. आत्याचं तोंड उतरलं. काका मात्र खुलले, खरखर हा त्यांचा हक्काचा विषय.

"प्लेअरला अर्थिंग दोन वाटांनी मिळतंय. एक चार्जरकडून, एक ह्या तारेकडून. दोन वाटांमध्ये इंजिनचा आवाज घुसतो." त्यांनी डबीतून शेंगदाण्याएवढे दोन ट्रान्सफॉर्मर काढले आणि ते तारेत जोडायला घेतले. तोवर प्लेअर चालूच होता. इतिहास संपून विज्ञान लागलं होतं आणि मी मोठ्या तोऱ्यात वाचत होते, "तारेतून वाहणारी विद्युतधारा ही तिच्या दोन टोकांमधल्या विभवांतराच्या व्यस्त प्रमाणात असते."

काकांनी तारा जोडायचा तापलेला कावीया खाली ठेवला.

"कोण आहे ही?"

"मी," मी म्हटलं.

"हे खोटं आहे."

मी पुस्तक काढलं. छापलं होतं 'सम प्रमाणात'. गोधडीखालच्या घामात मी व्यस्त वाचलं होतं. आत्याने तो धडा आदल्या दिवशी लायटरच्या यंत्रावर ऐकून पाठही केला होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

काका उठले. गाडीचा एक दिवा आणि दोन बॅटऱ्या आणल्या, एक सहा व्होल्टची, एक बाराची. दिवा सहाला लावला, तो मिणमिणला. बाराला लावला, लख्ख पेटला.

"दाब वाढला. धारा वाढली की कमी झाली?"

"वाढली," आत्या म्हणाली.

मग त्यांनी मध्ये एक लांब, बारीक तार घातली. दिवा पुन्हा मंद.

"आता?"

"वाट लांब झाली. अरुंद पण झाली." आत्या पुढे वाकून बघत होती. "सकाळी सगळ्या गाड्या गल्लीतून घातल्यावर होतं तसं."

"बरोबर. ह्यालाच पुस्तकात रोध म्हणतात."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "हा धडा पुसा. मी सांगतो."

मी प्लेअर त्यांच्यासमोर धरला आणि ते दगडासारखे गप्प झाले. घसा खाकरला, पुन्हा गप्प. शेवटी आत्यानेच तोड काढली. "काका, तुम्ही आपलं काम करा. मी विचारते, तुम्ही उत्तर द्या."

त्यांनी स्टिरिओ परत बसवायला घेतला आणि हात चालू लागले तसा आवाजही मोकळा झाला. सव्वीस मिनिटांचा तो धडा आहे. त्यात स्क्रू फिरल्याचे आवाज आहेत, मध्येच "ती लाल वायर द्या" आहे, बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवून कंटाळून निघून गेल्याचंही आहे. फ्यूज का जळतो, दोन्ही हेडलाइट एकाच तारेवर ओळीने का लावत नाहीत, एक गेला तर दुसरा का जाऊ नये, सगळं आत्याच्याच गाडीतलं.

पुढचे चौदा महिने आत्या अकरा दवाखान्यांच्या मध्ये दहावी शिकली. भूगोल तिसऱ्या ते पाचव्या दवाखान्यादरम्यान, भाषा परतीच्या रस्त्यावर. शिट्टी पुन्हा आली नाही. दवाखान्यातल्या परिचारिका खिडकीशी येऊन विचारायच्या, "आज कुठला धडा?"

पहिल्या खेपेला ती सगळ्यात पास झाली, गणित सोडून. गणित काही कानाने शिकता येत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, गाडी सावलीत लावून, चुकीची छपाई झालेल्या पाकिटांच्या पाठीवर तिने गणितं सोडवली. दुसऱ्या खेपेला एक्केचाळीस गुण मिळाले. मुदत संपायला तीन आठवडे होते.

तोवर कागद लावणारे व्यवस्थापक बदलून गेले होते. नव्यांनी कोणाला काही विचारलंच नाही. आत्याने दोन दिवस वाट पाहिली आणि मग स्वतःच जाऊन गुणपत्रिका त्यांच्या टेबलावर ठेवली. "बघून घ्या," म्हणाली. ते उभे राहिले आणि त्यांनी तिचं अभिनंदन केलं.

माझ्या वडिलांनी गुणपत्रिका हातात घेऊन वाचली. मग ते वाकून आत्याच्या पाया पडले. ती ओरडली, "अरे, वेडा आहेस का!" आणि दोघंही रडायला लागले.

मग आम्ही खरखरकाकांकडे गेलो. आत्या हात जोडून म्हणाली, "काका, विजेवरचा एकही प्रश्न चुकला नाही. तुमचे उपकार कसे फेडू, कळत नाही मला."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, गुणपत्रिका अगदी डोळ्यांजवळ धरली आणि विज्ञानाच्या ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचली. ती परत देताना त्यांनी विचारलं, "माझा तो धडा पुसला का हो?"

"तो कसा पुसेन?" आत्या म्हणाली.

"मग पाच मिनिटं थांबाल?"

ते मागच्या घरात गेले आणि हात धरून काकूंना घेऊन आले. काकूंना पुढच्या सीटवर बसवलं, आम्ही मागे बसलो, काका दाराशी उभे. आत्याने खटका प्लेअरवर टाकला. काकू सव्वीस मिनिटं हलल्या नाहीत. धडा संपल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"चाळीस वर्षांत माझ्याशी एवढं कधी बोललात?"

काका कानापर्यंत लाल झाले. काकू आत्याकडे वळल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा लाव गं."