पुलापलीकडून आणलेले जिवंत मासे

काकांचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू गुरुवारी होता आणि त्याआधी पंधरा दिवस त्यांचा इंटरव्ह्यू घेणारा ऑफिसर मीच होतो. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात, त्यांच्या किचनमध्ये, कुकरच्या शिट्ट्यांमधून आमची तालीम चालायची. मी खुर्चीत रेलून नाकातून विचारायचो, "कधी अटक? दंड? सरकारी नोटीस?" काका ताठ बसून म्हणायचे, "नो सर. नेव्हर सर." काकू पोळी लाटता लाटता हसायच्या.

काका सख्खे नाहीत. ते भंडाऱ्याकडचे इंजिनिअर, मी ब्रह्मपुरीचा, नव्वदच्या दशकात इथे मास्टर्स करायला आलेलो. आपल्याकडचं पोरगं होस्टेलमध्ये उपाशी मरेल म्हणून दर वीकेंडला मला उचलून आणायचे. मी पोटभर जेवायचो आणि बदल्यात नकला करायचो. माझे प्रोफेसर, काकांचा बॉस, कोणाला सोडलं नाही.

इंटरव्ह्यूच्या आधीच्या शनिवारी काका म्हणाले, "डोकं तापलं बे. चाल, मासे धरू."

नदीपलीकडे, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात त्यांचं एक आवडीचं तळं होतं. तिथल्या दुकानातून गळाला लावायला बोटभर लांबीचे मासे घेतले. जिवंत, बादलीभर पाण्यात. काका गाडीतच गुंतलेली दोरी सोडवत बसले होते, दुकानात मी एकटा. तोंडात तंबाखू धरलेल्या म्हाताऱ्या दुकानदाराने बोट नाचवत बजावलं: उरलेले मासे जिवंत पुलापलीकडे मिनेसोटात न्यायचे नाहीत, कायदा आहे. नदीत, तळ्यात ओतायचे तर अजिबात नाहीत. एका पाण्यातला रोग, एका पाण्यातली कीड दुसऱ्या पाण्यात जाते. उरले तर कचऱ्यात टाक.

हे काकांना सरळ सांगायचं होतं. पण मी गाडीत शिरलो तो एक गाल फुगवून, बोट नाचवत. "सनी, धिस फिश हॅज नो व्हिसा! नो क्रॉसिंग द ब्रिज!" व्हिसाची भर माझी, बाकी सगळं त्या म्हाताऱ्याचं. काका स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसले. मला चेव आला, मी आणखी दोनदा करून दाखवलं.

दिवसभरात एक मासा लागला नाही. बादली जवळपास तशीच.

"काका, हे टाकून द्यायचे ना?"

"टाकून? वैनगंगेकाठचा माणूस आहे मी! असे बारीक मासे तिखट-मीठ लावून कुरकुरीत तळायचे. जिवंत नेले म्हणजे ताजे राहतात."

"पण तो म्हातारा म्हणाला..."

"पुरे बे तुझी नक्कल," म्हणत ते पुन्हा हसायला लागले.

मी बादली मागच्या सीटवर ठेवली. खरं सांगायचं तर, मलाही ते तळलेले मासे पाहिजे होते.

पूल ओलांडला. मिनेसोटाच्या काठावर बोटी पाण्यात उतरवायची जागा होती, तिथे काकांनी डबा खायला गाडी लावली. मी पहिला घास घेतला आणि समोर बघितलं. युनिफॉर्ममधला, मासेमारी खात्याचा एक ऑफिसर, कमरेला पिस्तूल, लोकांच्या बादल्या उघडून बघत होता. आमच्यापासून दोन गाड्या पलीकडे.

"काका, ते खरं होतं."

"काय?"

"दुकानदाराचं. जिवंत मासे इकडे आणायचे नाहीत. कायदाच आहे."

काका हसायच्या बेतात होते. माझा चेहरा बघून थांबले. हातातली पोळी त्यांनी डब्यात परत ठेवली.

"नदीत ओततो."

"ते त्याहून वाईट. तेही सांगितलंय त्याने."

"मग सरळ काहून नाही सांगितलं बे?"

गाडी काढावी तर पळतोय असं दिसणार. ऑफिसर आता एकच गाडी पलीकडे होता.

"बादली माझी आहे म्हणून सांगतो," मी म्हणालो.

"तू स्टुडंट व्हिसावर आहेस. चूप राह्य."

ऑफिसरने खिडकीतून बादली बघितली. कुठून घेतले म्हणून मला विचारलं. मी तोंड उघडलं आणि घशातून त्या म्हाताऱ्याचाच आवाज आला, तसाच तंबाखू चघळणारा. शपथ, मुद्दाम नाही. भीतीने माझा स्वतःचा आवाजच सापडेना.

"माझी थट्टा करतोयस?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नो सर," काका म्हणाले. "ही इज स्केअर्ड. द फिश आर माइन. फ्रॉम विस्कॉन्सिन. टु ईट."

"टु ईट?"

"फ्राय, सर."

त्याने एकदा बादलीकडे, एकदा काकांकडे बघितलं. मग काकांचं लायसन्स घेऊन सावकाश लिहीत बसला. दंड केला नाही. लेखी वॉर्निंगचा कागद दिला आणि मासे जप्त करून घेऊन गेला.

घरी येईपर्यंत काका एकदाच बोलले. "हा कागद सरकारी नोटिशीत धरतात का रे?"

मला माहीत नव्हतं. किचनमधला ऑफिसर मीच, आणि मलाच माहीत नव्हतं.

काकू म्हणाल्या, "इंटरव्ह्यूत सांगूच नका. एवढ्याशा माशांचं कोण विचारतंय?"

"आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर निघालं तर? मासे आणले म्हणून नाही, खोटं बोललो म्हणून हाकलतील."

गुरुवारी मी इंटरव्ह्यूच्या ऑफिसबाहेर पार्किंगमध्ये बसून होतो. काका आले, टाय सैल करत. "सांगितलं सगळं. त्याने लिहून घेतलं. पत्र पाठवतो म्हणाला."

"चिडला का?"

"चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं."

पुढचे कितीतरी वीकेंड काका मला आणायला येत होतेच. जेवणही तेच होतं. पण कोणी नक्कल कर म्हणालं नाही आणि मीही केली नाही. टपालाच्या गाडीचा आवाज आला की काकू गॅस बारीक करायच्या.

एका शनिवारी पाकीट आलं. काका चष्मा शोधत राहिले, तो त्यांच्या खिशातच होता. काकूंनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "तूच फोड. तुझ्यामुळेच वाट बघतोय आम्ही."

फोडताना पाकिटाचा कोपरा फाटला. आत सिटिझनशिपच्या शपथविधीची तारीख होती, म्हणजे काका पास. मी वाचून दाखवलं. काकूंनी आणखी दोनदा वाचायला लावलं, मग ओट्याला टेकून खालीच बसल्या.