पिवळ्या गाडीची किंमत

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी एकतीस वर्षं डेंटर होतो. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचा, हे माझं काम. माझ्या हातून गेलेली गाडी कुठे ठोकली होती, हे मालकालाही बोट ठेवून दाखवता यायचं नाही. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे.

मुलगी इंजिनीअर झाली आणि आता जुन्या गाड्यांची किंमत ठरवून देते. गाडी घेणारा तिला फी देतो, ती गाडी तपासून वाजवी आकडा सांगते. बाईला गाडीतलं काय कळणार, असं तोंडावर म्हणणारे सुरुवातीला बरेच भेटले. आता तेच तिची वेळ मिळावी म्हणून फोन करतात. हल्ली मी रिकामाच असतो, म्हणून तिच्यासोबत जातो. मध्ये तोंड घालायचं नाही, एवढीच तिची अट.

गेल्या महिन्यात बोरीवलीच्या एका सोसायटीत दोन सीटांची पिवळी स्पोर्ट्स कार बघायला गेलो. घेणारा नोकरदार, पस्तिशीचा. कॉलेजपासूनच्या हौसेसाठी त्याने दहा वर्षं पैसे साठवले होते. विकणाऱ्याने अठरा लाख सांगितले.

"एकदाही ठोकलेली नाही," तो म्हणाला. तो तिसरा मालक. त्यालाही घेताना तसंच सांगितलं असणार.

मी गाडीच्या मागे गेलो आणि थबकलो. ही गाडी मीच केली होती. मागची डावी बाजू चेपून आली होती आणि मी एकोणीस दिवस तिच्यावर घातले होते. पत्रा इतका सरळ काढला होता की खळगे बुजवायला वर पुट्टी भरावीच लागली नव्हती.

मुलीने रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. खाली पुट्टी असली की त्याचा आकडा चढतो. डाव्या बाजूला तो चढला नाही. मशीनसुद्धा फसलं, आणि माझी छाती फुगली. घेणाऱ्याचा चेहरा खुलला. तो बघून मला लाज वाटली, तरी मी बोललो नाही. एक मन म्हणत होतं, हिला सापडू नये. दुसरं म्हणत होतं, सापडलं नाही तर मी हिला शिकवलं काय?

तिने डिकी उघडली, कडेचं रबर उपसलं आणि आतल्या वेल्डिंगच्या टिपक्यांवरून बोट फिरवत गेली. कंपनीचे टिपके मशीनचे, सारख्या अंतरावर असतात. डाव्या कोपऱ्यात ते अंतर चुकलं आणि तिचं बोट थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"पप्पा, हे तुमचं काम आहे ना?"

"कशावरून?"

"पुट्टी न भरता एवढा पत्रा दुसरं कोण काढणार?"

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं, काय चेपलं होतं आणि काय बदललं. विकणाऱ्याचं तोंड उतरलं. तिने जरा विचार केला आणि पंधरा लाख सांगितले.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "तीन लाख कमी? अगं, कंपनीपेक्षा पक्कं आहे ते."

"पक्कं आहे म्हणून तीनच कापले. दुसऱ्या कोणाचं काम असतं तर घेऊच नका म्हटलं असतं. पण ठोकलेली ती ठोकलेली, पप्पा. उद्या हे साहेब विकायला जातील तेव्हा त्यांचेही कापणारच ना कोणीतरी."

विकणारा बराच कुरकुरला, पण पंधराला तयार झाला.

परतताना रिक्षात तिने विचारलं, "मला सापडलं नसतं तर बोलला असतात?"

"बोललो असतो."

"नसतात बोलला."

तिचं खरं होतं. लाज वाटत होती, आणि शेजारी बसलेल्या पोरीचं कौतुक मनात मावत नव्हतं. माझ्या कामाचे तिने माझ्यासमोर तीन लाख कापले, आणि त्या कामाला एवढा मान आजवर कोणी दिला नव्हता.