शफी मिस्त्रीची खाऱ्या पाण्याची पेटी

शफी मिस्त्रीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. बोअरची गाडी चारला निघे. ऊन चढायच्या आत निम्मं भोक पाडून व्हावं लागे. एकतीस वर्षं त्यानं लोखंडी रॉड उचलले, पाइप उतरवले. मग ते काम सुटलं आणि अकोल्यातल्या एका गोदामावर तो राखणीला बसू लागला, तरी डोळा साडेतीनलाच उघडायचा. उठला की घरासमोरचा रस्ता झाडायचा. शेजाऱ्यांच्या दारापर्यंत, सगळा. अर्धवट झाडलेला रस्ता त्याला बघवत नसे.

त्याच्या बहुतेक बोअर खारपाणपट्ट्यात झाल्या. तिथं कितीही खोल जा, पाणी खारंच लागतं. दुसऱ्या गावात पाणी लागलं की लोक पेढे वाटतात. इथं मालक ओंजळीत पाणी घ्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि थुंकायचा. असे थुंकणारे शफीनं शेकड्यानं पाहिले. दिवसभर घाम गाळायचा आणि शेवटी माणसाला थुंकायला लावायचं, याचा त्याला वीट आला होता.

पुढे बायकोची, शकीलाची, दाढ काढायला तो एका दवाखान्यात गेला. बाहेरच्या खोलीत काचेची पेटी होती. तिच्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे होते.

"समुद्री मासे हायत, चाचा," कंपाउंडर म्हणाला. "पाणी खारं. एकदम खारं."

शफी तासभर उभा राहिला. खाऱ्या पाण्यात कोणीतरी मजेत जगत होतं, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मग कोपऱ्यातला तिसरा मासा दिसला. मोठा, पिवळा, पंख कुरतडलेला, एका कुशीवर. काचेला बोटभर शेवाळ.

"याले कोणी पाहत नाई काय?"

"मेला की डॉक्टर दुसरा आणतात."

शफीला शिसारी आली. रुग्णाचं तोंड उघडून दात घासत जा म्हणून सांगणारा माणूस, आणि त्याच्या दारात ही घाण. त्यानं ठरवलं, अशी पेटी आपण ठेवायची, आणि नीट ठेवायची.

बाजारातल्या किशोरच्या दुकानातून त्यानं तीन फुटी पेटी घेतली. किशोरची जीभ तेलकट होती.

"काका, सुरुवातीले ही निळी डॅमसेल टाका. दगड हाय, मरतच नाई. संगती हे दोन नारिंगी नेमो घ्या."

"भांडत नाई ना?"

"मासे कुठी भांडतात काका? भांडतात ते माणसं."

किशोरनं समुद्री मिठाची बादलीही पुढे केली. शफी मनात हसला. ज्यानं अर्ध्या जिल्ह्याचं खारं पाणी वर काढलं, त्यानं खारं पाणी विकत घ्यायचं? बोअरच्या गाडीवरचा त्याचा जुना जोडीदार पुंजाराम खारपाणपट्ट्यातच राहत होता. त्याच्या अंगणातल्या बोअरचं सात कॅन पाणी शफीनं टेम्पोत घालून आणलं. चाखलं. कमी वाटलं म्हणून खडेमीठ घातलं. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. चवीनंच अंदाज बांधला. त्याच संध्याकाळी तीन मासे सोडले.

साडेतीनला उठून दिवा लावला तेव्हा तिन्ही मासे उलटे तरंगत होते. अंगावर बुळबुळीत साय, पाणी ताकासारखं, वास नाकात बसणारा. शफीनं ते हातानं काढले. साबणानं तीनदा हात धुतला तरी त्याला तो आपला वाटेना. मासे किशोरच्या मिठावाचून मेले नव्हते. एका म्हाताऱ्याच्या तोऱ्यानं मेले होते.

शकीला दारात येऊन उभी राहिली.

"अनीसाचे अब्बा, एक सांगून ठेवते. माझ्या घरात आता आणखी एक जीव असा मेला, तर त्या पेटीत मी गहू ठेवीन."

ती बोलली की करायची. शफीला माहीत होतं.

कंपाउंडरनं अमरावतीचा एक पत्ता दिला. रागिणीताई, कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या, आता घरी समुद्री माशांची पिल्लं वाढवायच्या. शफी गाडीनं अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरला, ऑटोनं त्यांच्या घरी गेला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"त्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजते काय?" रागिणीताईंनी विचारलं.

"नाई."

"जिथी डाळ शिजत नाई, तिथी तुमी मासा टाकला?"

शफीनं मान खाली घातली.

"खारं म्हंजे समुद्र नव्हे, मिस्त्री. फिल्टरचं गोडं पाणी घ्या, त्यात समुद्री मीठ मोजून मिसळा. आन् पेटी महिनाभर बिनमाशाची चालवा. घाण खाणारे जंतू आधी दगडावाळूत वाढले पायजेत."

"महिनाभर त्यात पाहू काय?"

"सोताचं तोंड."

त्या हसल्या. शफी हसला नाही. त्याला ते बरोबर वाटलं.

"मंग मासे कोणते घेऊ?"

"नेमोची जोडी, घरात जन्मलेली. समुद्रातून ओढून आणलेले आधीच अर्धमेले असतात. अन् वाळूत बसणारी एक गोबी. बस. तीन फुटात गर्दी करायची नाई."

"तो किशोर डॅमसेलले दगड म्हणते."

"खरं हाय. पण तो दगड बाकीच्यांच्या डोक्यात पडते. अन् ते निळे-पिवळे टँग मासे दाखवन तो. त्यायले पोहायले नदी पायजे, तुमच्या पेटीत डोकं आपटून मरतीन. अजून एक. खाताना पाह्यल्याबिगर मासा उचलायचा नाई. मी दिला तरी नाई."

शफीनं महिना नाही, चाळीस दिवस पेटी नुसती चालवली. गल्लीतले लोक येऊन जात.

"मिस्त्री, पाणी पाळलं काय?"

"हो. चावत नाई."

रोज पहाटे रस्ता झाडून झाला की तो काचेवरच्या रेघेपर्यंत गोडं पाणी घालायचा. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, हे त्याला कोणी शिकवायची गरज पडली नाही. खारपाणातल्या वावरात उन्हाळ्यात फुटणारी पांढरी पापडी त्यानं आयुष्यभर तुडवली होती.

मग अमरावतीहून जोडी आणि गोबी आली. तिघांनी त्याच्यासमोर खाल्लं, तेव्हाच ती पिशवीत गेली. दोन महिने झाले. कोणी मेलं नाही. गव्हाची गोष्ट शकीलानं काढली नाही, पण ती विसरलीही नव्हती.

एका रविवारी अनीसा आणि जावई दानियाल चांदूर बाजारहून जेवायला आले. दानियालचा संत्र्याचा धंदा होता, हात सढळ. त्याच्या हातात पाण्यानं फुगलेली पिशवी होती. आत निळा-पिवळा टँग.

"अब्बा, तुमची गोबी मातीच्या रंगाची. पेटीत जरा रौनक पायजे ना! किशोरच्या दुकानातला सगळ्यात महाग हाय."

जावयाची भेट परत करत नाहीत. आखूड सदरा आणला तरी त्याच्यासमोर घालून दाखवतात. शकीलानं डोळ्यानं खुणावलं, घ्या गुपचूप. शफीनं पिशवी उजेडात धरली. माशाचं पोट आत गेलेलं. अंगावर रवा चिकटावा तसे पांढरे कण. हा रोग एका माशावर थांबत नाही, हे रागिणीताईंनी सांगितलं होतं.

"दानियालमियाँ, हा खाताना पाहिला काय?"

"कोण?"

"मासा. दुकानात."

"दुकानदार म्हणाला, सारं खाते."

मरणारा जीव सगळ्यात महाग म्हणून विकायचा, आणि तोही भोळ्या माणसाला.

"हा पेटीत जाणार नाई."

अनीसाचं तोंड उतरलं. दानियाल नुकता जेवायला बसला होता; त्यानं ताट पुढून सरकवलं.

"मी आणला म्हणून?"

"तुमी आणला म्हणून एवढा वेळ हातात धरून उभा हाय. दुसऱ्याचा असता तर आतापर्यंत किशोरच्या तोंडावर नेऊन मारला असता. याले रोग हाय. हा आत गेला, तर हा मरन आन् ते तिघंबी मरतीन."

शफीनं पेटीतलंच थोडं पाणी नव्या बादलीत काढलं, हवेची नळी सोडली आणि मासा त्यात ठेवला. दानियाल अर्धपोटी उठला. सासऱ्याला सलाम करून गेला, पण नजरेला नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी शफीनं गोदामातून आठवडाभराची सुट्टी घेतली. पगार नुकताच हातात आला होता. तो घेऊन काचवाल्याकडे गेला आणि दोन फुटी पेटी करून घेतली. मासा तिच्यात हलवला. रागिणीताईंना फोनवर विचारून औषध घातलं. दर तीन तासांनी वाटीत खाणं घेऊन तो समोर बसायचा. माशानं तोंड उघडलं नाही. पाचव्या पहाटे तो तळाशी पडला होता.

शफीनं शकीलाला उठवलं. लपवणं त्याला जमणारं नव्हतं.

"मेला," तो म्हणाला. "तुझा गहू आण."

शकीला छोट्या पेटीशी वाकली. मग मोठीकडे गेली. नारिंगी जोडी वरखाली करत होती, गोबी वाळू तोंडात घेऊन थुंकत होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"हा आपल्या घरात नाई मेला," ती म्हणाली. "हा दुकानात मेला होता. इथं फक्त पडला."

दुपारी दानियालचा फोन आला. "अब्बा, कसा हाय?"

"गेला."



"आन् तुमचे?"

"खाऊन राहिले."

"मी त्या किशोरले फोन केला होता. म्हटलं, बाकीचे मासे खाताना दाखव. त्यानं फोन ठेवला. पुढच्या रविवारी येतो. मासा नाई आणत. जेवतो पोटभर."

शफीनं दोन फुटी पेटी घासून, उन्हात वाळवून मोठीच्या शेजारी ठेवली. वाळू नाही, दिवा नाही, बघण्यासारखं काहीच नाही. या घरात येणारा प्रत्येक मासा आता आधी महिनाभर तिच्यात राहणार होता. त्याचा त्या महिन्याचा पगार या रिकाम्या काचेत गेला. शकीलानं गव्हासाठी पत्र्याचा डबा आणला.