समोरचा अप्पर

काल दिवेलागणीला रेल्वेचं फाटक पडलं. या बाजूला माझी जुनी जीप आणि रुळापलीकडे एक पांढरी गाडी. तिचा अप्पर लाइट थेट माझ्या डोळ्यांत येत होता. मीही चिडून माझा अप्पर लावला.

तेवढ्यात त्या गाडीतून बाईचा खणखणीत आवाज आला, "अहो, अप्पर खाली घ्या की! समोरच्याला डोळे नाहीत का?"

"घेतो गं, जीव नको खाऊस."

त्यांचा लाइट खाली गेला आणि माझ्या उजेडात ते दोघं दिसले. तो तोंड वाकडं करून बसलेला, आणि ती त्याच्या त्याच तोंडात संत्र्याची फोड कोंबत होती. खरं सांगतो, मी जळलो. त्याची गाडी नको होती मला. त्याला बसली ती बोलणी हवी होती.

आमची ही असंच बोलायची. शाळा मी चौथीत सोडली, पण गाडीतली शिकवणी तिनं तीस वर्षं घेतली. मी दर वेळी खेकसायचो, "गाडी तू चालवतेस का मी?" माघात ती गेली. आता मीच चालवतो, कुणी काही म्हणत नाही.

अप्पर मी मुद्दाम तसाच ठेवला. त्यांचं सुख बघवत नव्हतं, तरी बघतच बसलो. शेवटी त्या बाईनं डोळ्यांवर हात धरला.

मग मी लाइट खाली घेतला. ते दोघं अंधारात गेले. शेजारच्या रिकाम्या सीटला मी म्हटलं, "घेतला गं, घेतला."