गाडी थांबव म्हणालो नाही

दोन हजार पाच साली सप्टेंबरात मी आणि बायको अमेरिकेत बेलव्ह्यूला मुलाकडे होतो. उत्तरेकडचे डोंगर बघायचे ठरले होते. आयत्या वेळी मुलगा म्हणाला, "बाबा, माझी मीटिंग कॅन्सल होत नाहीये. ही ड्राइव्ह करेल, तुम्ही जाऊन या." ही म्हणजे सून. मी चौथी शिकलेला, पण तीस वर्षं घाटात प्रवासी गाडी चालवलेला माणूस. आता सुनेच्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसायचं. नाही म्हणणार होतो, पण बायकोने चपात्या बांधूनही ठेवल्या होत्या.

मला सर्दी झाली होती. निघताना सुनेने एक गोळी काढली, खोक्यावरचं वाचलं आणि विचारलं, "बाबा, लघवीचा वगैरे त्रास नाही ना तुम्हाला? असेल तर ही घ्यायची नाही, असं लिहिलंय."

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणालो आणि गोळी गिळली.

त्रास होता. दोन वर्षं होता. पण तो काय सुनेला सांगायचा विषय आहे?

सपाटीवरची गावं संपली आणि झाडी दाट झाली. शेवटच्या गावात पेट्रोल भरताना सून म्हणाली, "जाऊन यायचं असेल तर आत्ताच या हं. पुढे सत्तर मैल गाव नाही." बायको गेली. मी गाडीतच बसून राहिलो. एवढ्याशा पोरीने आठवण करून द्यायला मी काय लहान आहे?

पुढे तासाभराने लघवीची कळ आली. खाली हिरव्यागार पाण्याचा तलाव दिसत होता, समोर बर्फाची टोकं. बायको मागून सारखी "अहो बघा, अहो बघा" करत होती. रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंना झाडी. नुसतं थांबव म्हटलं असतं तरी भागलं असतं. एके काळी मी कुणी थांबवा म्हटलं की म्हणायचो, "ष्टँड आल्यावर उतरा." आता मलाच थांबव म्हणता येईना.

खिंडीपाशी सुनेनेच गाडी लावली, फोटो काढायला. तिथे संडास होता. मी आत गेलो, उभा राहिलो. काही होईना. बाहेर बायको हाका मारत होती. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं आणि एक थेंब नाही. घाम फुटला. बाहेर येऊन बायकोच्या कानात सांगितलं आणि वर बजावलं, "तिला बोलू नकोस."

"मरायचंय का तुम्हाला?" बायको मोठ्याने म्हणाली आणि तिथेच, फोटो काढणाऱ्या चार गोऱ्या माणसांसमोर, सुनेला सगळं सांगून टाकलं.

सुनेने मोबाईल वर धरून पाहिला. सिग्नल नव्हता. "बसा," एवढंच म्हणाली. पुढचा उतार तिने झपाट्याने पण नीट काढला. प्रत्येक वळणाला माझा पाय आपोआप खाली दाबला जायचा, तिथे ब्रेक नव्हता. मी डोळे मिटून घेतले. देवाचं नाव घ्यायचं तर तेही धड आठवेना.

उतारावरच्या लहानशा गावात दवाखाना होता. डॉक्टरीणबाई होत्या. त्या विचारणार, सून मला मराठीत विचारणार, मी भिंतीला उत्तर देणार.

"त्रास कधीपासून आहे, बाबा?"

"आजचाच."

"दोन वर्षं," कोपऱ्यातून बायको म्हणाली.

सुनेने दोन वर्षं सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी गोळीचं विचारलं असावं, कारण तिचा चेहरा पडला. मला म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं ना तुम्हाला." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं.

नळी घातली. जीव परत आला. पण ती आठवडाभर काढायची नव्हती आणि मांडीला पिशवी बांधून दिली होती. पिशवीची तोटी कशी उघडायची ते नर्सने दाखवलं तेव्हा मी मान फिरवून खिडकीबाहेर बघत होतो. सून बघत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो. वाटेत पिशवी भरली. रस्त्याकडेच्या संडासात मी आणि बायको दोघं शिरलो. मी तोटी पिरगाळली, बायकोने ओढली, काही उघडेना. "अहो, फाटेल ती," बायको म्हणाली. पिशवी टम्म झाली होती आणि पोटात पुन्हा कालच्यासारखं ताणायला लागलं होतं. "बोलावू का तिला?" तिने विचारलं. मुलाचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पण सुनेला काही सांगायचं झालं की मी बायकोकडून सांगायचो, एकाच खोलीत असलो तरी. आत्ताही बायको दाराकडे निघालीच होती.

"थांब," मी म्हणालो. धोतर सारखं केलं, दार थोडं ढकललं आणि बाहेर गाडीला टेकून उभ्या असलेल्या सुनेला पहिल्यांदा स्वतः हाक मारली. "पोरी, जरा इकडे ये. मला हे जमत नाही."